त्याच दिवशी, त्याच खोलीत, तिच्या मर्जीने

गर्भपात झाल्यावर बाईचं शरीर फार दिवस थांबत नाही. पहिल्या तीन महिन्यांतला गर्भ पडला किंवा पाडला, तर त्यानंतर आठ-दहा दिवसांतही पुन्हा बीज बाहेर पडू शकतं. बहुतेक बायकांचं ते महिन्याभरात पडतंच. म्हणजे पुढची पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. तरीही सरकारी दवाखान्यातून घरी निघालेल्या बाईला अनेकदा एवढंच सांगितलं जातं, की "पाळी आली की या, मग बघू." कुठे कुठे "दीड महिन्याने या" असंही सांगतात. दीड महिन्याचा हा हिशेब बाळंतपणाचा आहे. बाळंतिणीला सवड असते, अंगावर पाजणाऱ्या आईला तर आणखी सवड असते. गर्भपात झालेल्या बाईला ती नसते. बाळंतपणाचं वेळापत्रक तिला लावलं, की तिला नको असलेल्या पुढच्या गर्भाची तारीख आपणच ठरवून टाकतो.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. गर्भनिरोधक साधन हा गर्भपाताच्या सेवेचाच भाग आहे. ते त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्याच माणसाच्या हातून मिळायला हवं. आणि बाईने ते नको म्हटलं, तरी गर्भपाताची सेवा तिला तितक्याच आदराने मिळायला हवी. पहिलं सोडून दुसरं धरलं तर बाई मोकळ्या हाताने परत जाते. दुसरं सोडून पहिलं धरलं तर ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. आपल्या सरकारी आरोग्यसेवेने या दोन्ही चुका केल्या आहेत, आणि कधीकधी तर एकाच दवाखान्यात.

विषय हवेत राहू नये म्हणून एक गाव समोर धरू. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं साखरा. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याच्या वर सेनगावचं ग्रामीण रुग्णालय, आणि त्याच्याही वर हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर, कापूस आणि हळदीचा. पण पोट भरायला बऱ्याच घरांना बाहेर पडावं लागतं. दिवाळी झाली की कोयते बांधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे 'कोयत्या'वर असते. बाईला दिवस गेले म्हणून कोयता अर्धा करता येत नाही.

समजा, या भागातल्या एखाद्या बाईला दोन लेकरं आहेत, धाकटं अजून अंगावर पितं आणि दसऱ्याच्या सुमारास तिची पाळी चुकली. टोळी निघायला महिना उरलाय. ती काय करते? पहिल्यांदा वाट बघते. मग कुणाकडून तरी गोळ्या मागवते. अंगावरून जायला लागलं आणि थांबेना, तर आरोग्य केंद्रात येते. येताना "पाडलं" असं सांगत नाही, "लई जातंय" एवढंच सांगते. सिस्टर तपासतात, डॉक्टर औषध देतात, गरज पडली तर सेनगावला किंवा हिंगोलीला पाठवतात. तिथे पिशवी साफ होते आणि ती घरी येते. पंधरा दिवसांनी ती उसाच्या फडात असते, सतराशे साठ गोष्टींच्या काळजीत. या सगळ्या प्रवासात चार-पाच शिकलेल्या माणसांनी तिला तपासलेलं असतं. "ताई, यापुढे काय करायचं ठरवलंय?" असं त्यातल्या कुणी विचारलं का, हा माझा प्रश्न आहे.

आकडे बघितले तर हा प्रश्न एकटीदुकटीचा राहत नाही. 2018 साली 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 2015 या एका वर्षात भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. त्या वर्षीच्या एकूण गर्भधारणांपैकी जवळपास निम्म्या गर्भधारणा बाईला नको असताना किंवा नको त्या वेळी झालेल्या होत्या. 2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही गर्भपाताचं सर्वांत मोठं कारण हेच दिसलं. जवळपास निम्म्या बायकांनी गर्भ ठरवून राहिलेला नव्हता असं सांगितलं, आणि साधारण चौथ्या हिश्श्याहून जास्त गर्भपात बायकांनी घरच्या घरी स्वतः केलेले होते.

याचा अर्थ उघड आहे. कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमात "ज्यांना मूल नकोय पण साधनही वापरत नाहीत" अशा बायका शोधायला आशाताई आणि नर्सबाई घरोघर फिरतात. गर्भपातासाठी किंवा त्याच्या त्रासासाठी आलेली बाई नेमकी तीच असते. ती आपल्या पायांनी आलेली असते. आपल्याला आत्ता मूल नको हे तिने बोलून नव्हे, जीव धोक्यात घालून सांगितलेलं असतं. तिला शोधायला वेगळी मोहीम नको. ती टेबलावर असताना तिच्याशी पाच मिनिटं बोलायची तयारी हवी.

मराठवाड्यात या पाच मिनिटांचं मोल जास्त आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे 49 टक्क्यांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नाही. आपल्या गावांत गर्भनिरोधन म्हणजे 'ऑपरेशन', आणि ते दोन-तीन लेकरं झाल्यावर. लग्नापासून ऑपरेशनपर्यंतची मधली वर्षं जवळपास उघड्यावर जातात. मुलीचं लग्न लवकर झालं तर ही वर्षं आणखी लांबतात. वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के निघालं, पण शेजारच्या परभणीत ते निम्म्याच्या जवळ होतं. सोळा-सतराव्या वर्षी सासरी आलेल्या मुलीला ऑपरेशन काय कामाचं? तिला पाळणा थांबवायचा नाही, लांबवायचाय. आणि त्या वयात दिवस गेले, पडले, पुन्हा गेले, तर तिच्या अंगात रक्त उरतच नाही. गर्भपातानंतर पुढच्या गर्भधारणेत किमान सहा महिन्यांचं अंतर असावं, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा 2005 सालचा सल्ला आहे. साधन हाती न देता हे अंतर ठेवायला सांगणं म्हणजे नुसता उपदेश झाला.

आता साधनांकडे येऊ. इथे बायकांना वाटतं आणि काही डॉक्टरांनाही वाटतं, की गर्भपातानंतर लगेच काही वापरता येत नाही. खरं उलटं आहे. निरोध केव्हाही वापरता येतो. माला-एनसारख्या गोळ्या गर्भपाताच्या दिवसापासूनच सुरू करता येतात. आठवड्याला घ्यायची छाया ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, एवढाच तिचा नेम. 2017 पासून सरकारी दवाखान्यांत आलेलं अंतरा इंजेक्शन तीन महिने पुरतं. गोळ्यांनी गर्भपात करणाऱ्या बाईलाही ही साधनं त्याच दिवसांत सुरू करता येतात, फक्त तांबीसाठी (कॉपर-टी) गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री करावी लागते. ती साधारण पंधराव्या दिवसाच्या तपासणीत होते. गर्भपात पिशवी साफ करून झाला असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर तांबी तिथेच, त्याच बैठकीत बसते.

हे जवळून बघायला हवं. बाई टेबलावर आहे. पिचकारीने गर्भपिशवी रिकामी करायला काही मिनिटं लागली. पिशवीचं तोंड उघडं आहे, जागा निर्जंतुक केलेली आहे, डॉक्टरांच्या हातात हातमोजे आहेत. बाजूच्या ट्रेमध्ये तांबीचं बंद पाकीट आहे. 380-ए ही तांबी दहा वर्षं चालते, 375 पाच वर्षं. बाईने आधी बसून, कपड्यांत असताना, सगळं ऐकून होकार दिलेला असेल तर आता फक्त ते पाकीट उघडायचं, तांबी आत ठेवायची आणि दोन दोरे कापायचे. एकच वेदना, एकच तपासणी, एकच खाडा. हीच तांबी "पाळी आल्यावर या" म्हणून पुढे ढकलली, की तिला पुन्हा एस.टी. धरावी लागते, पुन्हा मजुरी बुडवावी लागते, सासूला पुन्हा कारण सांगावं लागतं आणि पुन्हा त्याच टेबलावर चढावं लागतं. एवढं करून येणाऱ्या थोड्या. न आलेल्या बाईला आपण 'निष्काळजी' म्हणून मोकळे होतो.

मग हे होत का नाही? पहिलं कारण, गर्भपाताची सेवाच प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा मिळत नाही. कायद्याची अडचण इथे फारशी नाही. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सरकारी रुग्णालयाला जागेची वेगळी मंजुरी लागत नाही. प्रश्न प्रशिक्षित डॉक्टरचा आहे. बारा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी एम.बी.बी.एस. डॉक्टरला पंचवीस प्रकरणांचा अनुभव घ्यावा लागतो. 2021 च्या नियमांनी नऊ आठवड्यांपर्यंतच्या गोळ्यांच्या गर्भपातासाठी दहा प्रकरणांचं प्रशिक्षण पुरेसं ठरवलं. हा बदल साखऱ्यासारख्या केंद्रांसाठीच कामाचा आहे. पण शिकलेला डॉक्टर वर्षभरात बदलून जातो, नवा येतो तो प्रशिक्षणाविना, आणि सेवा पुन्हा हिंगोलीला जाऊन बसते.

दुसरं कारण, कागदावर गर्भपात एका कार्यक्रमात आणि गर्भनिरोधन दुसऱ्या कार्यक्रमात. एकाचं रजिस्टर एका खोलीत, दुसऱ्याचं दुसऱ्या. अंतराचे डोस एका कपाटात, त्याची किल्ली एका सिस्टरकडे, आणि त्या सिस्टर आज लसीकरणाला उपकेंद्रावर गेलेल्या. बाईने होकार दिला तरी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगतात. गर्भपातानंतरच्या कुटुंब नियोजनाबद्दल केंद्र सरकारच्या तांत्रिक सूचना 2016 पासून आहेत. तरीही एका किल्लीसाठी बाई परत जात असेल, तर त्या सूचना कपाटाच्या आतच राहिल्या असं समजावं.

तिसरं कारण भीतीचं आहे. 2012 सालच्या परळीच्या आणि 2017 सालच्या म्हैसाळच्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणांनी महाराष्ट्र हादरला, आणि ते योग्यच होतं. लिंगनिदान करून मुली मारणाऱ्यांना कडक शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यानंतर प्रत्येक गर्भपाताकडेच गुन्हा म्हणून बघायची सवय लागली. औषध दुकानदार गोळ्या ठेवायला धजेनात, डॉक्टर हात लावायला धजेनात. वास्तविक बहुसंख्य गर्भपात पहिल्या काही आठवड्यांत होतात, जेव्हा सोनोग्राफीत लिंग कळूच शकत नाही. लिंगनिदान बंद करायला वेगळा कायदा आहे, तो सोनोग्राफीच्या यंत्रापाशी राबवायचा. तो आठव्या आठवड्यात आलेल्या बाईपाशी राबवला, की बाई दवाखान्याकडून तोंड फिरवते आणि चोरीच्या गोळ्यांकडे वळते. गोळ्या विकणारा तिला छायाची माहिती देत नाही, अंतराचं कार्डही देत नाही.

इथवर मी सेवा न मिळण्याबद्दल बोललो. आता दुसऱ्या चुकीकडे वळायला हवं, कारण तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. ती म्हणजे अट. "तांबी बसवणार असशील तरच पिशवी साफ करून देतो." "ऑपरेशनला तयार आहेस का? नाहीतर दुसरीकडे जा." कधी ही अट इतकी उघड नसते. नुसता आवाज चढतो, "पुन्हा पुन्हा यायला लाज नाही वाटत?" असं ऐकवलं जातं, आणि ती मुकाट्याने मान हलवते. रजिस्टरवर तिच्या नावापुढे 'तांबी स्वीकारली' अशी नोंद होते. महिन्याभराने ती खासगी दवाखान्यात जाऊन पैसे देऊन तांबी काढून घेते, आणि ती नोंद कुठल्याच रजिस्टरवर नसते.

1990 च्या दशकात मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत जाऊन बायकांना गर्भपाताबद्दल विचारलं. त्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं, की गावातल्या बाईला गुप्तता फार मोलाची वाटते, त्यासाठी ती सेवेच्या दर्जाशीही तडजोड करते. ही गोष्ट आजही तशीच आहे. जिथे नवऱ्याची सही मागतात, जिथे साधनाची सक्ती होते, तिथून ती दूर राहते आणि जिथे प्रश्न विचारत नाहीत तिथे जाते, मग तिथे हात धुतलेले असोत की नसोत. कायदा सांगतो, अठरा वर्षांवरील बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याच्या सहीचा त्यात उल्लेख नाही. ती सही मागणारा दवाखाना कायद्यापेक्षा शहाणा नसतो, कायदा मोडत असतो.

आणि सक्तीचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक असायला हवा. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पुढे 1996 मध्ये केंद्राने उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे सोडली, पण शिबिरांची सवय गेली नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका दिवसात 83 बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर 13 जणी दगावल्या. 2016 मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात 2019 साली 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. हे गर्भनिरोधनाचे आकडे नव्हेत. पण पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, दिवस जाण्याची भीती, यावर वेळेवर साधं उत्तर मिळालं नाही म्हणजे बाई कुठल्या टोकाला ढकलली जाते, ते त्यांत दिसतं. साखऱ्याहून निघणारी टोळी आणि बीडहून निघणारी टोळी एकाच फडात उतरते.

यावर अनेक डॉक्टर मनापासून एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, "आम्ही आग्रह धरला नाही तर हीच बाई सहा महिन्यांनी परत येते. तिचं हिमोग्लोबिन सात असतं. आम्ही तिच्या भल्यासाठीच बोलतो." त्या डॉक्टरची तळमळ खरी आहे, हे मी मान्य करतो. पण तळमळीचा परिणाम काय होतो ते बघायला हवं. दबावाखाली घेतलेलं साधन टिकत नाही. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळी जास्त जाऊ शकते, पोटात दुखू शकतं. अंतरा घेतल्यावर पाळी पुढेमागे होते, कधी येतच नाही. हे आधी शांतपणे सांगितलेलं असेल तर बाई धीर धरते. सांगितलं नसेल तर तिला वाटतं, रक्त आत साठतंय. मग ती साधन सोडते आणि वस्तीवरच्या दहा जणींना सांगते, "तांबी लावू नका गं बायांनो, माझे लई हाल झाले." एका सक्तीने दहा होकार जातात. जी बाई नको म्हणून गेली पण सन्मानाने गेली, ती मात्र परत येते. प्रश्न घेऊन येते, जावेला घेऊन येते.

पैशाची व्यवस्थाही या आग्रहाला खतपाणी घालते. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर तांबी बसवली तर बाईला 300 रुपये, आशाताईला 150 आणि बसवणाऱ्याला 150 अशी तरतूद आहे. आशाताईंच्या कष्टाचं मोल व्हायलाच हवं, त्यांना आज मिळतं त्यापेक्षा जास्त मिळायला हवं. पण एका साधनाला पैसे आणि नीट समजावून सांगायला शून्य, असं ठेवलं की सल्ला आपोआप त्या साधनाकडे झुकतो. दवाखान्याचं यश किती तांब्या बसल्या यावर मोजणं थांबवायला हवं. गर्भपातासाठी आलेल्या किती जणींशी बोलणं झालं, किती जणींना निदान तीन-चार साधनं प्रत्यक्ष दाखवली, जिने जे मागितलं ते तिला त्याच दिवशी मिळालं का, आणि सहा महिन्यांनी ती त्यावर समाधानी आहे का, हे मोजायला हवं. नकार देणारीची नोंद अपयश म्हणून करायची नाही.

साधनही हवं आणि मर्जीही हवी, ही मागणी बाहेरून आणलेली नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी प्राध्यापकी गमावली. 1927 पासून 1953 पर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत राहिले. त्यांच्यावर खटले झाले तेव्हा 1934 साली त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाची साधनं लोकांना उपलब्ध करून देण्याचा प्रस्ताव आणला, तो फेटाळला गेला. पुढे ज्या समितीच्या अहवालावर गर्भपाताचा कायदा उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे मंत्री होते. कर्वे आणि आंबेडकर या दोघांनीही बाईच्या शरीराचा आणि तिच्या मर्जीचा विचार एकत्र केला होता. साधन सुचवणारी माणसं तेव्हा सत्तेत नव्हती, म्हणून त्यांना पटवूनच द्यावं लागलं. सत्ता हाती आल्यावर पटवून द्यायचा कंटाळा आला, तिथून बिघाड सुरू झाला.

कायद्यानेही गर्भनिरोधन आणि गर्भपात यांची सांगड घातलेली आहे. साधन निकामी ठरल्याने राहिलेला गर्भ हे गर्भपाताचं मान्य कारण आहे. 1971 मध्ये ती सवलत विवाहितेपुरती होती, 2021 च्या दुरुस्तीने ती कुठल्याही स्त्रीला आणि तिच्या जोडीदाराला लागू झाली. त्याच दुरुस्तीने गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव उघड करणं हा गुन्हा ठरवला. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेद पुसला. तरीही अविवाहित मुलगी आरोग्य केंद्रात आली, की पहिली नजर तिच्या गळ्याकडे जाते, मंगळसूत्र आहे का बघायला. "अशा मुलींना साधनं दिली तर समाज बिघडेल," असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की जिला साधन नाकारलं तिचं पुढे काय झालं हे तुम्ही कधी बघितलंय का? समाज शाबूत राहिल्याचं तिथे काही दिसत नाही. दिसते ती एकटी पडलेली पोरगी आणि वेळ निघून गेल्यावर हिंगोली-नांदेडच्या रस्त्याने केलेली धावाधाव.

मग साखऱ्यासारख्या ठिकाणी काय करायचं? अशक्य काही नाही. केंद्रातल्या डॉक्टरला गोळ्यांच्या गर्भपाताचं प्रशिक्षण मिळावं, आणि बदली झाली तर येणाऱ्याला रुजू झाल्यापासून ठरावीक मुदतीत ते मिळालंच पाहिजे. ज्या खोलीत गर्भपाताची किंवा अंगावरून जाणाऱ्या बाईची तपासणी होते, त्याच खोलीत निरोध, गोळ्या, छाया, अंतरा आणि तांबी असावी, किल्ली त्या पाळीतल्या सिस्टरकडे असावी. बोलणं तपासणीच्या आधी व्हावं. बाई टेबलावर पाय बांधून पडलेली असताना विचारलेला प्रश्न आणि तेव्हा दिलेला होकार, दोन्ही निरर्थक आहेत. बोलताना सासू आणि नवरा दाराबाहेर असावेत. नंतर तिची इच्छा असेल तर नवऱ्याला आत बोलवावं आणि त्याला निरोध आणि बिनटाक्याची नसबंदीही सांगावी, कारण पाळणा दोघांचा असतो आणि ऑपरेशन मात्र पिढ्यान् पिढ्या एकीचंच होत आलंय. "मालकाला इचारून सांगते" असं ती म्हणाली, तर पुढच्या भेटीपर्यंत चालेल असं साधन तिच्या पिशवीत टाकावं आणि तिला जाऊ द्यावं.

घरी गोळ्या घेऊन आलेल्या बाईसाठी दार विशेष उघडं हवं. "गोळ्या कुणी दिल्या?" हा पहिला प्रश्न असेल तर संवाद तिथेच मरतो. आधी तिचा रक्तस्राव बघा, गर्भ पूर्ण पडलाय का बघा, धीर द्या, मग साधनांबद्दल बोला. दवाखान्याबाहेर होणाऱ्या गर्भपातांचं प्रमाण बघता, खरी मोठी संख्या याच बायकांची आहे. त्यांना वगळून गर्भपातानंतरची सेवा सुधारली असं म्हणता येणार नाही.

आणि टोळ्यांचं वेळापत्रक दवाखान्याच्या वेळापत्रकात शिरायला हवं. दिवाळीआधी अंतराचा डोस घेतलेल्या बाईला पुढचा डोस माघाच्या सुमारास लागतो, तेव्हा ती कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा सोलापूरच्या फडात असते. हे इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी ते चार आठवडे उशिरापर्यंत घेता येतं. म्हणजे तारीख सांभाळणं अवघड नाही. फक्त तिच्या हातात कार्ड हवं, आणि ते कार्ड बघून कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राने "तू इथली नाहीस" असं म्हणता कामा नये. मुकादमाच्या वहीत तिच्या नवऱ्याची उचल जिल्ह्याच्या सीमा ओलांडून बरोबर पोचते. सरकारी दवाखान्याचं एक इंजेक्शनही तसंच पोचवता येईल.

यासाठी नवा कायदा नको, परदेशी औषध नको, मोठी इमारतही नको. साधनं आलेली आहेत, सूचना छापलेल्या आहेत, आशाताई प्रत्येक वस्तीवर आहेत. कमी आहे ती दोन गोष्टींची: बाईचं ऐकून घ्यायच्या वेळेची, आणि तिचा नकार पचवायच्या तयारीची. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत पुढच्या वेळी तांब्यांचा आकडा वाचून दाखवला जाईल, तेव्हा कुणीतरी उठून विचारावं, की गर्भपातासाठी आलेल्या किती जणी मोकळ्या हाताने परत गेल्या आणि किती जणींनी भीतीने होकार दिला. ही दोन उत्तरं मागायचा हक्क त्या बैठकीतल्या प्रत्येक डॉक्टरला, साखऱ्याच्या ग्रामपंचायतीला, आणि सगळ्यांत आधी तिथल्या बायकांना आहे. ती मिळेपर्यंत त्यांनी ती मागत राहावं.